मोठे झालेले ग्राहक गेले कुठे?

प्रस्ताव जेमतेम एका पानाचा होता. दक्षिण विभाग बंद करावा, त्याचे ग्राहक शेजारच्या दोन विभागांत वाटून द्यावेत. खाली पुराव्यादाखल आमच्याच डेटा टीमच्या डॅशबोर्डवरून उचललेला आलेख. प्रत्येक विभागाने गेल्या पाच वर्षांत जोडलेल्या ग्राहकांपैकी किती जण पुढे मोठे खरेदीदार झाले, याचा. इतर विभागांचे खांब लहानमोठे होते, दक्षिणेचा खांबच नव्हता. शून्य.

बैठक दुसऱ्या दिवशी सकाळी होती. वित्तप्रमुखांनी मला बोलावलं ते खात्री करण्यापुरतं. "एकूण विक्री लेजरशी जुळते ना, एवढं बघून घ्या. उगाच बैठकीत कुणी आकड्यावरून वाद नको."

एकूण विक्री शेवटच्या अंकापर्यंत जुळली. तिथे काम संपायला हरकत नव्हती. पण आकडा वाईट असला तर मला फारसं काही वाटत नाही. तो नेमका शून्य आला की शंका येते. इतक्या वर्षांत एकही ग्राहक वाढला नाही, चुकूनसुद्धा नाही? अकार्यक्षम माणसाच्या नशिबीही कधीतरी चांगला ग्राहक येतोच.

मी दक्षिणेच्या व्यवस्थापकांना फोन लावला. प्रस्तावाचा विषय काढला नाही, फक्त मोठ्या ग्राहकांबद्दल विचारलं.

"अहो मॅडम, ग्राहक मोठा झाला की आमचा राहतोच कुठे? वर जातो."

"वर म्हणजे?"

"विशेष ग्राहक विभागाकडे. ठरलेल्या मर्यादेपलीकडे खरेदी गेली की पत्र येतं. आम्ही फाइल देतो, विषय संपतो."

हा नियम प्रयोग म्हणून फक्त दक्षिणेत सुरू झाला होता. बाकीच्या विभागांत तो यायचा होता. हे आमच्या टीममध्ये कुणाला माहीत नव्हतं, कारण आमच्यापर्यंत नियम येत नाहीत, रकाने येतात.

आता आत काय घडत होतं ते सांगते. आमच्या डेटा वेअरहाऊसमध्ये, म्हणजे अहवालांसाठी सगळा डेटा एकत्र ठेवतो तिथे, विक्रीचं फॅक्ट टेबल (व्यवहारांच्या आकड्यांचा तक्ता) बिलाच्या ओळीच्या पातळीवर होतं आणि ते चोख होतं. विभाग मात्र त्यात नव्हता. तो कस्टमर डायमेन्शनमधून, म्हणजे ग्राहकांची माहिती असलेल्या तक्त्यातून जोडला जाई. आणि ते डायमेन्शन रोज रात्री मूळ सिस्टिममधल्या ग्राहक यादीवरून पुसून नव्याने लिहिलं जाई. डेटा वेअरहाऊसच्या रचनेवर लिहिणारे राल्फ किंबॉल यांनी हळूहळू बदलणाऱ्या डायमेन्शनचे जे प्रकार सांगितले त्यातला हा पहिला: नवी माहिती आली की जुनीवर लिहायची. फोन नंबर बदलला, नावातली चूक सुधारली, तर हेच योग्य. पण विभाग बदलला आणि तोही असाच पुसला, तर ग्राहक एकटा जात नाही, त्याचा सगळा इतिहास सोबत जातो. दक्षिणेने चार वर्षं जोपासलेला ग्राहक आज विशेष विभागात गेला, तर उद्याच्या अहवालात तो पहिल्या बिलापासून विशेष विभागाचाच दिसतो. दक्षिणेच्या नावावर उरतात ते न वाढलेले. म्हणजे तो शून्य ग्राहकांच्या वागण्यातून आलेला नव्हता. नियमानेच तो तयार केला होता.

याच क्षेत्रातले दुसरे जाणकार बिल इन्मन यांच्या व्याख्येत वेअरहाऊसचे चार गुण आहेत: विषयानुसार मांडणी, एकत्रीकरण, काळाची नोंद आणि एकदा आलेला डेटा न बदलणं. शेवटचे दोन आमच्या विक्रीला लागू होते, ग्राहकाला नव्हते. लेजरशी मेळ घालून हे कधीच सापडलं नसतं. एका विभागातून वजा झालेलं दुसऱ्यात जमा होतं, बेरीज तीच राहते. बेरीज जुळली म्हणजे अहवाल तपासला, असं मानणाऱ्यांची आमच्या क्षेत्रात कमतरता नाही.

प्रश्न होता, पुसलेला इतिहास आणायचा कुठून? ग्राहक यादीच्या रोजच्या कच्च्या फाइल्स स्टेजिंगमध्ये (वेअरहाऊसमध्ये भरण्याआधी डेटा उतरवतो त्या जागी) होत्या, पण जागा वाचवायला काही महिन्यांपलीकडच्या उडवलेल्या. मग मूळ बिलिंग सिस्टिममध्ये शिरले. तिथे बिलाच्या शीर्षात विक्री कार्यालयाचा कोड सापडला, बिल फाडलं त्या दिवशीचा, नंतर कधीही न बदललेला. तो वेअरहाऊसमध्ये आणलाच नव्हता. ज्याने टेबल आखलं त्याने विचार केला असणार की विभाग ग्राहक यादीत आहेच, मग दोनदा कशाला? व्यवहाराच्या सिस्टिमवर शिकलेल्या माणसाचा हा संस्कार आहे, आणि तिथे तो बरोबरच आहे.

त्या कोडवर विश्वास ठेवायचा का, हे पाहण्यासाठी ज्या महिन्यांच्या कच्च्या फाइल्स हाताशी होत्या तेवढ्यांशी ताडून पाहिलं. जुळलं, क्रेडिट नोटा (परत आलेल्या मालाच्या परताव्याच्या नोंदी) सोडून. माल परत येईपर्यंत ग्राहक विशेष विभागात गेलेला असे, म्हणून विक्री दक्षिणेच्या नावावर आणि परतावा विशेष विभागाच्या. मूळ बिलाचा क्रमांक जिथे नोंदलेला होता तिथे नोट त्या बिलाला जोडली. उरलेल्यांची यादी वेगळी ठेवली. रात्र बरीच या नोटांतच गेली.

सकाळी बैठकीत दोन आलेख ठेवले. एक जुनाच. दुसरा, पहिलं बिल ज्या कार्यालयाने फाडलं त्यानुसार. मोठे खरेदीदार घडवण्यात दक्षिण पहिली होती, आणि दुसऱ्या क्रमांकाशी अंतर थोडंथोडकं नव्हतं.

विशेष विभागाचे प्रमुख उसळले. "म्हणजे माझे ग्राहक माझे नाहीत?"

"आज तुमचेच आहेत, सर," मी म्हटलं. "पहिला आलेख तेच सांगतो. ग्राहकाला आज कोण सांभाळतं, हे विचारायचं असेल तर तो बरोबर आहे. पण विभाग ठेवायचा की नाही हे ठरवताना ग्राहक कुणी वाढवला ते बघावं लागेल."

वित्तप्रमुखांनी फक्त एक विचारलं: "एकूण दोन्हीकडे सारखंच?" सारखंच होतं. प्रस्ताव फेटाळला गेला नाही, मागे घेतला गेला. कार्यालयाच्या खर्चाचा मुद्दा खरा होता आणि अजूनही आहे.

नंतर ग्राहकाचा विभाग किंबॉल यांच्या दुसऱ्या प्रकारात नेला. बदल झाला की जुनी ओळ बंद करायची, नवी उघडायची. प्रत्येक ओळीला आपला वेगळा ओळख क्रमांक, लागू झाल्याची तारीख आणि संपल्याची तारीख. चालू ओळीला संपल्याची तारीख ३१/१२/९९९९, म्हणजे अजून संपलेली नाही. मागचा इतिहास बिलांवरून भरला. त्यात बदलाची नेमकी तारीख कळत नाही, नव्या कोडचं पहिलं बिल कधीचं एवढंच कळतं, म्हणून अशा ओळींवर 'अंदाजे' अशी खूण आहे. अहवालात आता दोन रकाने आहेत, 'त्यावेळचा विभाग' आणि 'आजचा विभाग'. आधी कुठला दाखवायचा यावरून महिनाभर मेल चालले.

गंमत म्हणजे 'त्यावेळचा' रकाना सर्वांत जास्त आवडला तो विशेष विभागाच्या प्रमुखांना. बदलून आलेल्या प्रत्येक ग्राहकाची विक्री तिथे आदल्या वर्षी शून्य, या वर्षी भरघोस. विभागाची वाढ डोळे दिपवणारी दिसते. बोनसच्या चर्चेत त्यांनी तोच आलेख नेला. वित्तप्रमुखांनी तो माझ्याकडे पाठवला, वर एकच ओळ: "यातले बदलून आलेले वेगळे काढा." सध्या तेच काम चालू आहे.