धातूंचा घातक गाळ : नष्ट न होणाऱ्या विषाची विल्हेवाट

सेंद्रिय विषारी द्रव्ये पुरेशा तापमानाला जाळली, तर त्यांचे रेणू मोडतात. शिसे, कॅडमियम, क्रोमियम किंवा निकेल यांच्या बाबतीत हा मार्ग उपलब्ध नाही, कारण ती मूलद्रव्ये आहेत. जाळली, विरघळवली किंवा पुरली, तरी त्यांचे अणू तेवढेच उरतात. त्यामुळे एखाद्या कारखान्याने धातूयुक्त कचऱ्यावर प्रक्रिया केल्याचे वाचले, की माझ्या मनात पहिला प्रश्न येतो तो हा, की तो धातू आता कोणत्या रूपात आहे आणि त्यावरून पाणी झिरपले तर त्यातला किती भाग पाण्याबरोबर निघून जाईल.

विद्युतविलेपनाच्या, म्हणजे विजेच्या साहाय्याने धातूचा मुलामा देण्याच्या, कारखान्यातील सांडपाणी पाहिले, म्हणजे हे काम किती नाजूक आहे ते कळते. तेथील षट्‌संयुजी क्रोमियम पाण्यात सहज विरघळते आणि कर्करोगकारक आहे. त्यासाठी पाण्याचा सामू (pH, म्हणजे आम्लता-अल्कता दाखवणारा अंक; 7 च्या खाली आम्ल, वर अल्क) आम्ल घालून 2 ते 3 पर्यंत उतरवतात, सोडियम मेटाबायसल्फाइटने क्रोमियमचे त्रिसंयुजी रूप करतात आणि मग चुन्याने सामू वाढवून त्याचा हिरवट गाळ खाली बसवतात. सायनाइडयुक्त पाण्याची गरज याच्या अगदी उलट असते : तेथे सामू 10 च्या वर ठेवूनच क्लोरीनची प्रक्रिया करावी लागते. हे दोन प्रवाह एकाच टाकीत आले, तर आम्लामुळे हायड्रोजन सायनाइड वायू बाहेर पडतो, आणि तो माणसाचा जीव घेतो. सांडपाण्याच्या वाहिन्या उगमापाशीच वेगळ्या ठेवणे हीच माझ्या मते या साऱ्या प्रक्रियेतील सर्वांत महत्त्वाची पायरी आहे, आणि खर्च वाचवताना नेमका तिचाच बळी जातो, याची मला खंत वाटते.

चुना जितका जास्त तितके बरे, हा समजही घातक आहे. त्रिसंयुजी क्रोमियम सामू 8 च्या आसपास सर्वांत कमी विरघळते, तर निकेल पुरते खाली बसवण्यासाठी सामू 10 च्या वर न्यावा लागतो. शिवाय सामू फार चढला, तर क्रोमियम, जस्त आणि शिसे पुन्हा विरघळू लागतात. मिश्र सांडपाण्यात म्हणूनच कोणत्या ना कोणत्या धातूच्या बाबतीत तडजोड करावी लागते.

पाणी दाबून काढणाऱ्या फिल्टर प्रेस यंत्रातून निघालेला गाळ पुढे सिमेंट, चुना किंवा राखेत मिसळून घट्ट करतात आणि तो पुरण्यायोग्य झाला की नाही हे निक्षालन चाचणीने, म्हणजे द्रावणात त्यातला किती धातू सुटतो ते पाहून, ठरवतात. अमेरिकेत रूढ झालेल्या चाचणीत बारीक केलेला नमुना त्याच्या वजनाच्या 20 पट सौम्य ॲसिटिक आम्लाच्या द्रावणात सुमारे 18 तास घुसळतात. त्या द्रावणात शिशाचे प्रमाण लिटरमागे 5 मिलिग्रॅमच्या आत असावे लागते. येथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. नमुन्यात चुना भरपूर असेल, तर चाचणीतले आम्ल त्याला उदासीन करत सामू नेमका अशा पट्ट्यात आणू शकते, जेथे शिसे कमीत कमी विरघळते. नमुना उत्तीर्ण होतो, पण प्रत्यक्षात पावसाच्या साध्या पाण्यात त्याच मिश्रणाचा सामू 12 च्या जवळ राहून शिसे सुटू शकते. म्हणून वेगवेगळ्या सामूंना केलेली निक्षालन चाचणी मला अधिक विश्वासार्ह वाटते, जरी तिला वेळ आणि पैसा जास्त लागतो.

पुरण्यापूर्वी धातू परत मिळवता येईल का, हेही पाहायला हवे. भंगार वितळवणाऱ्या विद्युत चाप भट्टीतून टनभर पोलादामागे साधारण 10 ते 20 किलो धूळ निघते. भंगारातील जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्यांमुळे तीत जस्त भरपूर असते, आणि फिरत्या भट्टीत कोळशाबरोबर तापवल्यावर ते वाफ होऊन ऑक्साइडच्या रूपाने गोळा करता येते. निकेलचा गाळही स्वतंत्र ठेवला, तर धातू काढणारे कारखाने तो घेऊ शकतात. त्यातच क्रोमियम, लोह आणि चुना मिसळले, की तोच गाळ बहुधा खड्ड्यात पुरावा लागतो आणि त्या खड्ड्याखालचे भूजल अनेक दशके तपासत राहावे लागते.