मिठाच्या खड्यात जोडी नसते

आपल्या शिरोड्याच्या शाळेच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी आठवणी लिहून पाठवा, असं समितीचं पत्र आलं. स्नेहसंमेलनं, सहली आणि कबड्डीच्या सामन्यांबद्दल बाकीचे लिहितीलच. मला लिहायचं आहे ते नववीतल्या एका धड्याबद्दल : अणूची रचना आणि रासायनिक बंध. पुढे मी आयुष्यभर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं, आणि त्याची मुळं या एका धड्यात आहेत असं मला मनापासून वाटतं.

शिरोड्याचं नाव १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहामुळे इतिहासात गेलं. पण आमच्या वर्गातल्या बऱ्याच मुलांना मिठागर माहीत होतं ते घरच्या कामामुळे. उधाणाचं खारं पाणी आत घ्यायचं, एका वाफ्यातून दुसऱ्यात सोडत उन्हात आटवायचं आणि पाऊस लागायच्या आत मीठ ओढून राशी घालायच्या. आरवली-रेडीकडून येणारी मुलंही येता-जाता हे बघत असत.

विज्ञानाच्या बाईंचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही, त्यांना ते आवडलं नसतं. अणूच्या इतिहासात त्या फार रेंगाळल्या नाहीत. थॉमसनचा इलेक्ट्रॉन १८९७, रदरफर्डचं अणुकेंद्रक १९११, बोरच्या कक्षा १९१३, चॅडविकचा न्यूट्रॉन १९३२. एवढं फळ्याच्या कोपऱ्यात लिहिलं आणि त्या सोडियम-क्लोरीनवर आल्या. कक्षांमधले इलेक्ट्रॉन आतून बाहेर मोजले तर सोडियम २, ८, १. क्लोरीन २, ८, ७. एकाने इलेक्ट्रॉन द्यायचा, दुसऱ्याने घ्यायचा, दोघांचंही अष्टक, म्हणजे बाहेरच्या कक्षेत आठ इलेक्ट्रॉन, पूर्ण. पुस्तकात धडा इथे संपत होता.

बाईंनी मात्र वहीत उतरवून आणलेले आकडे फळ्यावर लिहिले. सुट्या सोडियम अणूंमधला तो एकेक इलेक्ट्रॉन काढून घ्यायला एका मोलमागे (मोल म्हणजे अणूंची एक ठरावीक प्रचंड संख्या) ४९६ किलोज्यूल ऊर्जा लागते. क्लोरीनने तो घेतला की ३४९ परत मिळतात. म्हणजे १४७ ची तूट! "सोडियमला इलेक्ट्रॉन नकोच असतो असं तुम्ही पाठ केलंत," त्या म्हणाल्या, "मग तो काढायला एवढी ऊर्जा का लागावी?"

वर्गात कुणालाच उत्तर सुचेना. इतकी वर्षं शिकवूनही मला वाटतं, या धड्यातला सगळ्यात मोलाचा प्रश्न हाच. अष्टक ही लक्षात ठेवायला सोयीची खूण आहे, पण त्यातून कारण कळत नाही.

कारण स्फटिकात आहे. विरुद्ध प्रभारांचे आयन (इलेक्ट्रॉन दिल्या-घेतल्यामुळे प्रभार आलेले अणू) एकमेकांजवळ येऊन रचले गेले की एका मोलमागे सुमारे ७८७ किलोज्यूल बाहेर पडतात. धातूतून सोडियमचे अणू सुटे करणं, क्लोरीनचे रेणू तोडणं, इलेक्ट्रॉनची तूट, हे सगळं त्यातून भागतं आणि वर ४११ उरतात. मीठ बनतं ते या उरलेल्या ऊर्जेमुळे. ते वितळायला ८०१ अंश सेल्सिअस तापमान लागतं, तेही ही रचना इतकी पक्की असते म्हणूनच.

बाईंनी मग रचना काढून दाखवली. प्रत्येक सोडियमभोवती सहा क्लोराइड (क्लोरीनचे आयन), प्रत्येक क्लोराइडभोवती सहा सोडियम, सगळ्या दिशांना तसंच पुढे. माझ्या बाकावरच्या मुलाचे वडील मिठागरावर कामाला होते. त्याने उभं राहून विचारलं, "बाई, मगे खंयचो सोडियम खंयच्या क्लोरीनचो?"

बाईंचा चेहरा खुलला. "कुणीच कुणाचा नाही," त्या म्हणाल्या. "मिठाच्या खड्यात जोड्या नसतात. एन-ए-सी-एल हे फक्त प्रमाण आहे, एकास एक. मिठाचा रेणू शोधायला गेलास तर सापडणार नाही."

या प्रश्नाचं खरं वजन मला एम.एस्सी.ला असताना कळलं. ब्रॅग पितापुत्रांनी १९१३ मध्ये क्ष-किरणांनी मिठाची हीच रचना दाखवली होती. तरी १९२७ मध्ये हेन्री आर्मस्ट्राँग या मोठ्या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने 'नेचर'मध्ये लिहून तिला कडाडून विरोध केला. बुद्धिबळाच्या पटासारखी ही मांडणी त्यांना पटेना, रेणूशिवाय संयुग ही कल्पनाच त्यांना सोसेना. ज्या ठिकाणी आर्मस्ट्राँग अडले, नेमका तिथेच आमच्या वर्गातला मुलगा अडला होता. फरक इतकाच की त्याने विचारलं आणि उत्तर ऐकून घेतलं.

दुसऱ्या दिवशी बाईंनी बॅटरी, छोटा बल्ब आणि पेन्सिलीतली शिसं घेऊन प्रयोग केला. कोरड्या मिठात बल्ब लागला नाही, कारण आयन जागच्या जागी जखडलेले. साखरेच्या पाण्यातही नाही, कारण साखरेचे रेणू अख्खेच विरघळतात, आयन होत नाहीत. मिठाच्या पाण्यात मात्र लागला. पाण्याचा रेणू वाकडा असतो, त्याच्या ऑक्सिजनकडे थोडा ऋण आणि हायड्रोजनकडे थोडा धन प्रभार. असे रेणू आयनांना चहूबाजूंनी घेरून खड्यातून सोडवतात. स्फटिक मोडायला लागणारी जवळजवळ सगळी ऊर्जा या घेरण्यातून परत मिळते. थोडी कमी पडते, म्हणून मीठ विरघळताना पाणी किंचित गार होतं.

मिठागराचं गणितही इथेच उलगडतं. साध्या तापमानाला १०० ग्रॅम पाण्यात सुमारे ३६ ग्रॅम मीठ विरघळतं आणि उकळत्या पाण्यात जेमतेम ३९. म्हणजे गरम द्राव थंड करून मीठ फारसं हाती लागत नाही, पाणीच आटवावं लागतं. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम क्षार. ते आटताना आधी चुन्याचे क्षार आणि जिप्सम खाली बसतात, पाणी साधारण दहाव्या हिश्शावर आलं की मीठ धरू लागतं, आणि मॅग्नेशियमचे क्षार शेवटच्या कडू पाण्यात राहतात. ते पाणी वेळेवर सोडून दिलं नाही तर मीठ कडवट होतं. हे आमच्याकडच्या माणसांना कोणत्याही पुस्तकाआधी ठाऊक होतं.

पावसाळ्यात आपल्या घरातली मिठाची बरणी पाझरते तीही याच कारणाने. मॅग्नेशियमचा आयन लहान, त्याच्यावर प्रभार दोन, त्यामुळे तो पाण्याच्या रेणूंना फार जोरात ओढतो. निव्वळ मीठ हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेल्यावर पाणी धरतं, मॅग्नेशियम क्लोराइड त्याच्या कितीतरी आधी. कोकणातल्या जुलैमध्ये दोघांचंही भागतं!

शाळेच्या नव्या प्रयोगशाळेसाठी मिठाच्या स्फटिकाची चेंडू-काड्यांची प्रतिकृती मी पाठवतो आहे. नववीच्या शिक्षकांना एकच विनंती : ती मुलांच्या हातात आधी द्यावी, इलेक्ट्रॉनची टिंबं फळ्यावर नंतर काढावीत. आणि जमल्यास मार्चमध्ये वर्ग मिठागरावर न्यावा. त्या दिवसांत मीठ धरताना डोळ्यांनी बघता येतं.