आमची वाटचाल : फास्टिंग आणि पीपीच्या मधले दोन तास

फलटणमध्ये आम्ही मेडिकल दुकान टाकलं २००४ ला. मी डी.फार्म. (फार्मसीचा डिप्लोमा) आणि मिस्टर डीएमएलटी (लॅबचा डिप्लोमा), त्यामुळे पुढे दुकान आणि मागच्या खोलीत लॅब, रिपोर्टवर सही करायला पॅथॉलॉजिस्ट डॉक्टर ठरलेले, असं चाललं होतं बारा एक वर्षं आणि बरं चाललं होतं. क्लिनिक काढायचं वगैरे डोक्यात काही नव्हतं.

पण मेडिकलच्या काउंटरवर जे दिसतं ना ते कुठल्याच डॉक्टरला दिसत नाही. डॉक्टरला स्वतःची चिठ्ठी दिसते, मेडिकलवाल्याला चारही दिसतात. एक आजी यायच्या, शुगरला एक डॉक्टर, बीपीला दुसरे, गुडघ्याला हाडाचे तिसरे, आणि मधे कधी चक्कर आली की गल्लीतले चौथे. बीपीची टेल्मिसार्टन त्यांना दोन ठिकाणाहून चालू होती, दोन कंपन्यांची, दोन नावांची, एक पांढऱ्या पाकिटातली आणि एक निळ्या, त्यामुळे आजींच्या दृष्टीने ती दोन वेगळी औषधं. एका गोळीत लघवी जास्त करणारं औषधही होतं आणि त्यात गुडघ्याला डायक्लोफेनॅक रोज. आता टेल्मिसार्टन, पाणी काढणारी गोळी आणि पेनकिलर ही तीन एकत्र आली की किडनीवर ताण येतो हे आम्हाला कॉलेजात शिकवलेलं, पण चिठ्ठीवर तीन वेगवेगळ्या सह्या असताना काउंटरवरच्या बाईने काय बोलायचं? बोलले तर "डॉक्टर तुम्ही का मी" असं ऐकायला मिळतं, ते ऐकलंही आहे. आणि खरं सांगायचं तर ज्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांवर दुकान चालतं त्यांच्या गोळ्या कमी करा म्हणून सांगणारा मेडिकलवाला फार दिवस टिकत नाही.

२०१६ ला माझी नणंद एमडी मेडिसिन करून, पुण्यात थोडी वर्षं नोकरी करून परत आली. ती म्हणाली, वहिनी, गावात बसते पण नुसती खोकला-तापाची ओपीडी नको, मला शुगर, बीपी, थायरॉईड, हार्ट, किडनी हे सगळं एका फाईलमध्ये बघायचंय. मिस्टर म्हणाले, मोठी हॉस्पिटलं हेच करतात की, तिथे सगळे डॉक्टर एका बिल्डिंगमध्ये असतात. त्यावर ती म्हणाली, बिल्डिंग एक असते, फाईल चार असतात.

दुकानाच्या वर दोन खोल्या होत्या, भाडेकरू गेला होता, तिथे सुरू केलं. कर्ज काढलं ते बहुतेक लॅबच्या मशिनसाठी, बाकी टेबल-खुर्च्या घरच्याच.

आता यातली खरी गंमत सांगते, कारण बरेच जण विचारतात की तुम्ही एवढं सगळं एका दिवसात बसवता कसं. शुगरचा पेशंट सकाळी उपाशी पोटी येतो, फास्टिंगचं रक्त देतो, मग खातो आणि खाल्ल्यावर दोन तासांनी पीपीचं रक्त द्यायला परत येतो. हे दोन तास आधी पेशंट एसटी स्टँडवर नाहीतर आमच्या पायरीवर बसून घालवायचा, आणि जेवण बाहेर, म्हणजे मिसळ नाहीतर वडापाव, मग ती पीपी कसली हो, घरी तो माणूस भाकरी खातो आणि इथे वडापावची शुगर मोजतोय. नणंदेने सांगितलं की घरचा डबा घेऊन या, नेहमी खाता तोच, आणि नेहमीच्या गोळ्या घेऊनच खायचं, आणि हे दोन तास आमचे. त्या दोन तासांत वजन, बीपी (दोनदा, आल्या आल्या नाही, बसवून), पाय, डोळ्याच्या पडद्याचा फोटो, लघवीतलं प्रोटीन, आणि गोळ्यांची पिशवी. डॉक्टरकडे तो शेवटी जातो, तोपर्यंत सगळं कागदावर आलेलं असतं. आमचं अख्खं क्लिनिक या दोन तासांत उभं आहे, बाकी जे आहे ते नेहमीच्या दवाखान्यासारखंच.

पिशवीचं टेबल माझं. नियम एकच, घरात आहे ते सगळं आणायचं, चालू, बंद, शेजारणीने दिलेलं, वैदूचं, सगळं. पिशवी टेबलावर ओतायची आणि एकेक पाकीट हातात घेऊन विचारायचं, हे कशाचं, कधी घेता. इथे काय काय निघतं याच्यावर वेगळं लिहावं लागेल. थायरॉईडची गोळी आणि कॅल्शियमची गोळी सकाळी चहाबरोबर एकदम घेणाऱ्या बायका तर रोजच्या, आणि मग टीएसएच, म्हणजे थायरॉईडच्या तपासणीचा आकडा, खाली येत नाही म्हणून डोस वाढत राहतो, खरं तर दोन्हीत चार तासांचं अंतर टाकलं की निम्मा प्रश्न सुटतो. दम्यावर "जालीम" म्हणून मिळणाऱ्या पुड्या निघतात, त्या घेतल्या की माणसाला चार दिवसांत बरं वाटतं आणि शुगर मात्र कशानेच आवरत नाही, अशा वेळी स्टिरॉईडचा संशय घ्यावाच लागतो. शुगरची मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं चालू, पण क्रिएटिनीन, म्हणजे किडनीची रक्ततपासणी, शेवटची कधी केली आठवत नाही, आणि ईजीएफआर (किडनी किती काम करते त्याचा आकडा) ३० च्या खाली गेला की ती गोळी बंद करावी लागते, ४५ च्या खाली आला की डोसचा विचार करावा लागतो, हे बघणार कोण, शुगरवाला म्हणतो किडनीचं किडनीवाल्याला विचारा आणि किडनीवाला तर पेशंटने पाहिलेलाच नसतो.

मी फक्त लिहून देते हं, बंद-चालू काही करत नाही. ते वरच्या खोलीत. मी एका पिवळ्या पानावर सगळ्या गोळ्यांची यादी करते, कंपनीच्या नावापुढे आतलं औषध, त्यापुढे कुणी दिलं. त्याची एक प्रत पेशंटकडे, पिशवीतच ठेवायची. आयडिया आमची नाही. २०१८ पासून सातारा जिल्ह्यात सरकारचा हायपरटेन्शनचा, म्हणजे बीपीचा, प्रोग्रॅम चालू झाला, आयएचसीआय, महाराष्ट्रातल्या पहिल्या चार जिल्ह्यांत आपला एक, बाकी भंडारा, वर्धा आणि सिंधुदुर्ग. त्यात मोजकी ठरलेली औषधं, पेशंटच्या हातात कार्ड, महिन्याच्या गोळ्या एकदम आणि जो आला नाही त्याला फोन. खाजगीवाले सरकारी दवाखान्याला नावं ठेवतात पण हे कार्ड आणि फोन आम्ही सरळ तिथून उचललं. फोन करायला एक मुलगी ठेवली, बारावी झालेली, बोलायला गोड आणि चिवट, तिचा पगार मिस्टरांना सुरुवातीला वायफळ वाटायचा.

आता पैशाचं. एकत्र क्लिनिक काढलं की धंदा वाढतो असं लोकांना वाटतं, आमच्याकडे पहिली दोन वर्षं दुकानाचा गल्ला कमी झाला. साधं आहे, डबल गोळ्या बंद झाल्या, पेनकिलर कमी झाल्या, ताकदीच्या गोळ्या तर नणंदेने जवळपास बंदच केल्या, ज्याचं बिल अठराशे व्हायचं ते हजाराच्या आत आलं. चार डॉक्टरांची चार वेळची फी वाचली ती पेशंटची, आमची नाही. वर तिने काउंटरवर पाटी लावायला लावली, औषध कुठूनही घ्या, जनऔषधीतूनही चालेल. मी म्हणलं, अगं दुकान माझं आहे. ती म्हणाली, म्हणूनच.

वर्षाचं पॅकेज करून बघितलं, तपासण्या, डॉक्टर, पाय, डोळे सगळं धरून. कुणी घेतलं नाही. एक बागायतदार मला म्हणाले, "ताई, ऊसाचं बिल कारखाना कधी देईल ते आम्हाला माहीत नाय आन् तुम्ही वर्षाचं आधी मागताय, आन् मधीच मी गेलो तर?" याला काही उत्तर नव्हतं. मग त्या दिवसाची एकच फी केली, पाय, पिशवी, डोळ्याचा फोटो सगळं त्यात, रक्ताचे पैसे वेगळे. आणि तीन महिन्यांनी यायचं, कारण एचबीएवनसी, म्हणजे सरासरी शुगर दाखवणारी रक्ततपासणी, तीन महिन्यांचीच गोष्ट सांगते, दर पंधरा दिवसांनी बोलावून फी घ्यायची नाही. गल्ला सावरला तो लॅबमुळे आणि येणारी माणसं टिकली म्हणून. आता एका घरातले तिघे तिघे येतात, सासू शुगर, सासरे बीपी, सून थायरॉईड, एकाच रिक्षात.

गावातल्या डॉक्टरांचं काय झालं हे पण विचारतात. नाराज झाले काही. एकांनी आमच्याकडे पेशंट पाठवणं बंद केलं आणि दुकानाबद्दलही बरंच काही बोलले, ते सोडा. नणंदेने पहिल्यापासून एक पाळलं, दुसऱ्याची गोळी बंद करायची असेल तर आधी त्या डॉक्टरांना फोन, मग पेशंटच्या हातात पत्र. हाडाचे डॉक्टर सुरुवातीला फोनवर तुटक बोलायचे, आता तेच ऑपरेशनच्या आधी शुगर-बीपीचा पेशंट आमच्याकडे धाडतात.

एक गोष्ट मात्र आमच्या कर्तृत्वाची नाही, ती पेटंटची. शुगरच्या गोळ्यांपैकी २०१९ च्या शेवटी व्हिल्डाग्लिप्टिनचं पेटंट संपलं, २०२० मध्ये डापाग्लिफ्लोझिनचं, आणि २०२५ च्या मार्चमध्ये एम्पाग्लिफ्लोझिनचं, आणि प्रत्येक वेळी काउंटरवर भाव असे कोसळले की जुना स्टॉक परत पाठवताना कंपन्यांशी वादावादी झाली. साठ रुपयाच्या आसपासची एम्पाग्लिफ्लोझिनची एक गोळी दहा-पंधराला मिळायला लागली. आणि यातल्या शेवटच्या दोन गोळ्या नुसत्या शुगरच्या नाहीत, कमजोर हार्टला आणि किडनीलाही उपयोगी पडतात हे मोठ्या अभ्यासांत दिसलंय, म्हणजे तीन डॉक्टरांच्या तीन आजारांना एक गोळी, आमच्यासारख्या क्लिनिकला याहून काय पाहिजे. अर्थात सगळ्यांना चालत नाही, लघवीच्या जागी इन्फेक्शन होतं, उपास करणाऱ्यांना जपून.

उपासावरून आठवलं. फलटणला माऊलींची पालखी मुक्कामाला असते, त्यामुळे आषाढ म्हणजे आमचा वेगळाच सीझन. पेशंटपैकी बरेच वारीला जातात आणि नाही म्हणायची सोय नाही, म्हणूही नये असं माझं मत. मग वारीच्या आधी एक खास दिवस ठेवतो. पाय बघायचा, दहा ग्रॅमचा नायलॉनचा धागा तळव्याला टेकवून कळतं का विचारायचं, ज्याला कळत नाही त्याने अनवाणी चालायचं नाही, माऊली समजून घेतील. इन्सुलिनवाल्यांना ते उन्हात पिशवीत ठेवायचं नाही हे दहादा सांगायचं. आणि एकादशीला ग्लिमेपिराइड ही शुगरची गोळी घेऊन निर्जळी राहिलं तर शुगर एकदम खाली जाते, उलट साबुदाणा-बटाट्यावर दिवस काढला तर आकाशाला भिडते, त्यामुळे त्या दिवशीची गोळी किती आणि कधी हे पिवळ्या पानावर वेगळं लिहून देतो. एक माळकरी बाबा दरवर्षी पान लॅमिनेट करून मागतात, पावसात भिजतं म्हणून.

कोविडवर सगळ्यांनी लिहिलंय, मी लिहीत नाही. एवढंच की फोन करणाऱ्या त्या मुलीचा पगार वायफळ आहे असं मिस्टर त्यानंतर कधी म्हणाले नाहीत.

गेल्या वर्षी स्पायरोमीटर घेतला, फुंकून फुफ्फुसाची ताकद मोजायचं मशीन. चुलीपुढे आयुष्य काढलेल्या, कधी विडी न ओढलेल्या बायकांना धाप लागते आणि ती वर्षानुवर्षं "हार्टची" किंवा "वयाची" म्हणून चालून जाते, सीओपीडी, म्हणजे श्वासनळ्या अरुंद होण्याचा फुफ्फुसाचा जुनाट आजार, आहे हे कुणी मोजलेलंच नसतं. मशीन आलं, पण त्यात फुंकायचं कसं हे शिकवताना नर्सचा घसा बसतो. जोरात म्हणलं की बायका तोंडाला पदर लावून हसतात, आणि हसून झाल्यावर फुंकायला दम उरत नाही. त्या दोन तासांत हे एक स्टेशन वाढल्यामुळे आता पीपीची वेळ चुकायला लागलीय, सोमवारी तर डोळ्याच्या मशिनपुढे रांग जिन्यापर्यंत येते, आणि मिस्टरांचं म्हणणं आहे की शेजारचा गाळा घ्यावा. भाडं फार सांगतोय मालक. बोलणी चालू आहेत.