तुम्ही विचारलंत म्हणून: ‘अचूक’ यंत्रांवर माझा भरवसा का नाही

“जन्म सॉफ्टवेअरमध्ये घालवलात, तरी युद्धातल्या नव्या यंत्रांबद्दल तुम्ही एवढे साशंक कसे?” ड्रोनची किंवा लक्ष्य स्वतः निवडणाऱ्या यंत्रणांची बातमी आली की हा प्रश्न मला हमखास येतो. कारण सांगतो. यंत्राची मर्यादा ज्यांना ठाऊक असते ती माणसं वेगळी, आणि ती ज्यांच्या जिवावर बेतते ती वेगळी.

२५ फेब्रुवारी १९९१, आखाती युद्ध. सौदी अरेबियात धाहरानला इराकचं स्कड क्षेपणास्त्र अमेरिकी सैनिकांच्या बराकीवर पडलं, २८ जण गेले. राखणीला पॅट्रियट यंत्रणा होती, येणारं क्षेपणास्त्र रडारवर हेरून हवेतच पाडणारी, पण तिने त्यावर मारा केलाच नाही. तिचं घड्याळ सेकंदाचे दहावे भाग मोजायचं. एक दशांश बायनरीत, म्हणजे संगणकाच्या शून्य आणि एकच्या भाषेत, नेमका बसत नाही, अंकांची शेपूट लांबतच जाते. २४ बिटांत, म्हणजे असल्या २४ अंकांच्या जागेत, मावेना म्हणून ती छाटलेली. छाटलेला तुकडा नगण्य. पण १०० तास सलग चालल्यावर साठत साठत चूक सेकंदाच्या तिसऱ्या हिश्शाएवढी झाली, आणि तेवढ्यात स्कड अर्धा किलोमीटर पुढे जातं. रडार भलत्याच जागी शोधत राहिलं.

खरं सलतं ते पुढचं. हा दोष इस्रायलने दोन आठवडे आधीच कळवला होता. सैनिकांना सूचनाही गेली, की ‘फार वेळ’ चालवल्यास नेम सरकू शकतो. फार वेळ म्हणजे किती तास? ते कोणी लिहिलंच नाही. यंत्रणा बंद करून पुन्हा सुरू करायला मिनिट-दीड मिनिट लागलं असतं. दुरुस्त प्रोग्रॅम धाहरानला पोचला २६ तारखेला.

त्याच महिन्यात अमेरिकेचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष थोरले बुश यांनी पॅट्रियटच्या कारखान्यात उभं राहून ४२ पैकी ४१ स्कड अडवल्याचं सांगितलं होतं. १९९२ साली अमेरिकी काँग्रेसच्या तपासनिसांनी नोंदी चाळल्या, तेव्हा स्कडचा स्फोटक भाग नष्ट झाल्याचा सबळ पुरावा जेमतेम ९ टक्के वेळा सापडला. मधल्या काळात त्या ४१ वर टाळ्या पडून गेल्या होत्या.

हे लांबचं वाटत असेल तर रेशनच्या दुकानात जाऊन उभे राहा. आयुष्यभर खुरपणी केलेल्या आजी मशीनवर अंगठा ठेवतात, जुळत नाही. पदराला पुसून पुन्हा ठेवतात. मग दुसरं बोट. दुकानदार म्हणतो, “आजी, मशीन घेत नाही, उद्या या.” त्याच्याही हातात काही नसतं. आजींची ओळख रांगेतल्या प्रत्येकाला पटलेली असते, तरी त्या पिशवी रिकामी घेऊन जातात, याचा मला संताप येतो.

अंगठा जुळला नाही म्हणून धान्य नाकारू नये, अशा केंद्राच्या २०१७ पासूनच्या सूचना आहेत. तुमच्या दुकानात त्या दिसतील अशा लावल्या नसतील तर तहसीलच्या पुरवठा शाखेत लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.