सहा परंपरा, एक मंडळी

आज दिवसभर आमच्या धर्मप्रांताच्या, म्हणजे या भागातल्या ख्रिस्ती मंडळ्यांच्या (चर्चच्या) बैठकीत होते. विषय एकच, सेवाकार्याचा आराखडा सगळ्या मंडळ्यांनी मिळून करायचा. सकाळी जो तो आपापल्या मंडळीचंच बोलत होता. मग एका वयस्कर पाळकसाहेबांनी २९ नोव्हेंबर १९७० ची आठवण काढली. त्या दिवशी नागपुरात अँग्लिकन, बॅप्टिस्ट, ब्रदरन, मेथडिस्ट अशा सहा ख्रिस्ती परंपरा एकत्र येऊन उत्तर भारत मंडळी (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) झाली. बाप्तिस्मा, म्हणजे मंडळीत प्रवेशाचा पाण्याचा विधी, बाळपणी की मोठेपणी, केवढा वादाचा प्रश्न! दोन्ही पद्धती मान्य करून ती माणसं पुढे गेली. मला हे फार मोठं वाटतं.

दुपारी महिला मंडळाने ऊसतोड कुटुंबांच्या मुलांचा विषय लावून धरला. शेवटी शेजारच्या मंडळ्यांनी हंगामभर मिळून अभ्यासवर्ग चालवायचं ठरवलं. शिकवायला वेळ देऊ शकणाऱ्यांनी मला जरूर कळवा.