चार पेशी

मे महिना, दुपारचे अडीच वाजलेले. मी पॅथॉलॉजिस्ट, गाठीचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली तपासणारी डॉक्टर. सासवडकडून एक मुलगा ब्लॉक, म्हणजे असा तुकडा मेणात बसवलेला ठोकळा, घेऊन आला होता आणि डॉक्टरांनाच भेटायचं म्हणून अडून बसला होता. पुण्यात हे रोजचंच आहे. एका दवाखान्यातला ब्लॉक दुसऱ्या लॅबमध्ये नातेवाईकच पोचवतात. त्याने पिशवीतून रुमालात गुंडाळलेला तो मेणाचा चौकोन काढला आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरला.

"मॅडम, वडलांचं आहे. कॅन्सरचे डॉक्टर म्हणाले, तुमच्याकडून परत बघून घ्या."

वडील साठीचे. जठराचा कॅन्सर, यकृतात पसरलेला. बाहेरच्या लॅबचा रिपोर्ट सोबत होता: हर-टू निगेटिव्ह, स्कोअर ० (मोजणी ० ते ३+ अशी असते). मी ब्लॉक उजेडात धरला. मेणात दोनच तुकडे होते, ज्वारीच्या दाण्याहून लहान. माझ्या मनात तिथेच पाल चुकचुकली.

हर-टू हा पेशीच्या आवरणावरचा रिसेप्टर, म्हणजे निरोप आत पोचवणारं प्रथिन. त्याचे भाऊबंद बाहेरून निरोप आला की जागे होतात. याला निरोपाची गरजच नसते, तो सदा जोडी जमवायला तयार. निरोगी पेशीत तो मोजकाच असतो, म्हणून काही बिघडत नाही. पण १७ व्या गुणसूत्रावरच्या त्याच्या जनुकाच्या प्रती वाढल्या की आवरण त्याने गच्च भरतं, रिसेप्टर एकमेकांशी जोड्या लावतात आणि वाढीचा हुकूम आत सुटतच राहतो. जठराच्या दर पाच-सहा कॅन्सरमागे एकात हे घडतं. अशा रुग्णाला केमोबरोबर ट्रास्टुझुमॅब देता येतं. ते या रिसेप्टरला बाहेरूनच धरतं.

नव्याने रंगवलेली स्लाइड दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हातात आली. हर-टू असेल तिथे या रंगात तपकिरी दिसतं. एका तुकड्यात नुसता अल्सरचा मळ. दुसऱ्यात कॅन्सरच्या ग्रंथी होत्या, पण निळ्या, कोऱ्या. माझी रेसिडेंट म्हणाली, "मॅडम, ० च आहे." मी ४० च्या मोठ्या भिंगावर गेले आणि तुकड्याची कड हळूहळू फिरवली. अगदी टोकाला, कापताना जरा चुरगळलेल्या जागी, तपकिरी रेघा दिसल्या.

"पण गोल पूर्ण कुठे झालाय?" तिने विचारलं. तिची नजर स्तनाच्या कॅन्सरवर तयार झालेली. तिथे पेशीभोवती पूर्ण कडं लागतं. जठराची पेशी ग्रंथीच्या पोकळीकडे तोंड करून उभी असते. तिच्या दोन्ही बाजू आणि तळ रंगतो, तोंडाकडची बाजू बहुधा कोरीच राहते. घोड्याच्या नालासारखा आकार दिसतो. तो नाल ओळखता आला नाही तर पॉझिटिव्ह केस निगेटिव्ह म्हणून निघून जाते.

मी पेशी मोजल्या. चार. परत मोजल्या. बायोप्सीत किमान पाच पेशींचा पुंजका रंगलेला हवा, असा नियम आहे. पाचवी नव्हती. चुरगळलेल्या जागेवर विश्वास ठेवायचा नाही, हेही मीच रेसिडेंटना शिकवते.

पॉझिटिव्ह लिहिणं खोटं ठरलं असतं आणि निगेटिव्ह लिहायला मन धजेना. जठरातली गाठ ठिकठिकाणी वेगळी असते. एका कोपऱ्यात गच्च तपकिरी, बोटभर अंतरावर काहीच नाही. म्हणून तर सहा ते आठ तुकडे घ्यायला सांगतात. कॅन्सरच्या डॉक्टरांना फोन केला. "सर, पुन्हा दुर्बीण करावी लागेल." ते क्षणभर गप्प राहिले. पेशंट उलट्यांनी बेजार आहे, वजन उतरलंय, हे मलाही माहीत होतं. त्या माणसाच्या घशातून पुन्हा नळी घालायला मी सांगत होते, चार पेशींच्या भरवशावर. रात्री झोप नीट लागली नाही.

या वेळी सात तुकडे आले. चारांत कॅन्सर. स्लाइड सगळ्यात लहान भिंगाखाली सरकवली आणि दोन तुकडे लांबूनच ठसठशीत दिसले. ३+ ची खूण हीच, शोधावं लागत नाही. उरलेल्या दोनांत एकही पेशी रंगलेली नव्हती. रेसिडेंटला बोलावलं. ती बराच वेळ डोळे लावून बसली होती.

मुलाला मी काही वाढवून सांगितलं नाही. २०१० सालच्या ज्या चाचणीमुळे ट्रास्टुझुमॅब जठरासाठी आलं, त्यात ५९४ रुग्ण होते. नुसत्या केमोवर मध्यक आयुष्य, म्हणजे निम्मे रुग्ण जितकं जगले तो काळ, ११.१ महिने, औषध जोडल्यावर १३.८. रिसेप्टर भरपूर असलेल्यांत ११.८ चे १६ झाले. पसरलेला आजार यातून बरा होत नाही. पण चार महिने म्हणजे त्या घरात काय, ते मी ठरवणारी कोण? शिवाय आवरणावर रिसेप्टर दिसला की औषध चालतंच असंही नाही. हर-टूचा सख्खा भाऊ ईजीएफआर. त्याच्यावरची औषधं जठरात २०१३ च्या दोन मोठ्या चाचण्यांत फसली, एकीत तर रुग्ण लवकर गेले. हर-टूवरचं औषध मात्र चालतं, म्हणून त्याची मोजणी मी कधीच घाईत करत नाही.

औषधाआधी हृदयाचा टूडी इको लागतो, तो झाला. केमो सुरू झाली. आठवड्याने मुलगा नवा ब्लॉक न्यायला आला. पुढे क्लॉडिनसारखी आणखी एखादी तपासणी लागली तर हाच उपयोगी पडेल, जपून ठेवा, असं मी सांगितलं. त्याने तो परत रुमालात गुंडाळला. दारापर्यंत जाऊन वळला.

"मॅडम, फ्रीजमध्ये ठेवू का?"

"नको, कपाटात चालेल. फक्त गाडीच्या डिकीत, उन्हात नका ठेवू."

"नाही, मांडीवरच घेऊन जातो," तो म्हणाला.