बिलावर ‘इतर’ नाही: आमच्या गॅरेजची वाटचाल

“मेस्त्री, एवढं कशाचं झालं?” हा प्रश्न पहिल्यांदा कानावर आला तेव्हा मी मिरजेतल्या एका मोटारसायकलच्या गॅरेजात हेल्पर होतो. विचारणारे दूधवाले काका. बिल ६४० रुपयांचं, आणि त्यात एक ओळ: ‘इतर – १८०’. गाडी मीच खोलली होती, तरी ते १८० कशाचे हे मला सांगता आलं नाही. काकांनी मुकाट पैसे मोजले. ते पुन्हा कधी त्या गॅरेजात दिसले नाहीत.

२००९ साली सांगलीत स्वतःचं पत्र्याचं शेड टाकलं, तेव्हा ती ओळ डोक्यात होती. भिंतीवर दराचा फळा लावला. मजुरी वेगळी, सामान वेगळं, आणि काढलेला जुना पार्ट पिशवीत घालून गिऱ्हाइकाच्या हातात. शेजारचे मेस्त्री म्हणाले, “दर लिहिलेस तर लोक त्यावरूनच घासाघीस करतील.” पहिले दोन महिने केलीही. नंतर लोक फळा वाचून गाडी लावायला लागले.

तेव्हा १०० सीसी गाडीच्या सर्व्हिसिंगची मजुरी १२० होती, आज ३५० आहे. स्प्लेंडरचं साधं बिल आमच्याकडे ९०० ते १००० रुपयांत बसतं. त्यात सर्वांत मोठा आकडा ऑइलचा असतो, आणि काटकसर करायला लोक नेमकं तिथंच बघतात. “चारचाकीचं उरलंय, तेच घाला” असं म्हणणाऱ्याला मी नाही म्हणतो. मोटारसायकलचा क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो. चारचाकीच्या ऑइलनं प्लेटा घसरायला लागतात आणि चारशे रुपये वाचवायला गेलेला माणूस क्लच प्लेटांचं बिल भरतो. डब्यावर ‘जासो एमए’ हे शब्द, म्हणजे ओल्या क्लचच्या मोटारसायकलला चालणाऱ्या ऑइलची खूण, आहेत का, ते गिऱ्हाइकालाच वाचायला लावतो.

चेनचंही तसंच. आमच्याकडचे दूधवाले दोन्ही बाजूंना कॅन लावून रोज साठ-सत्तर किलोमीटर फिरतात. खालच्या बाजूला मधोमध बोटानं दाबली की चेन साधारण इंचभर हलावी. त्याहून जास्त हलली तर आवळायची, आणि दर ५०० किलोमीटरला तेल. चेन आवळायचे आम्ही वेगळे पैसे घेत नाही. पाच मिनिटांच्या त्या कामानं १२०० रुपयांच्या चेन सेटचा खर्च पुढं ढकलता येतो, हे मी ज्याला त्याला सांगत असतो.

चुका आमच्याही झाल्या. नव्या पोरानं ड्रेन बोल्ट, म्हणजे इंजिनाखालचा ऑइल काढायचा बोल्ट, जोर लावून आवळला आणि खालचे आटेच गेले. इंजिन उतरवून लेथवर आटे भरून आणले, तीन दिवस गेले, खर्च आम्ही केला. त्या दिवसापासून ड्रेन बोल्टचा शेवटचा पाना मी स्वतः फिरवतो.

ऑगस्ट २०१९ मात्र आम्ही विसरूच शकत नाही. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पुराची धोक्याची पातळी ४५ फूट, आणि कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. शेड उंचावर होतं म्हणून वाचलं. पाणी उतरल्यावर टेम्पो भरभरून गाड्या आल्या. ड्रेन बोल्ट सैल केला की आधी पाणी, मग दुधाच्या चहासारखं ऑइल. प्लग काढून इंजिन हातानं फिरवायचं, आतलं पाणी बाहेर काढायचं, नवं ऑइल घालून पाच मिनिटं चालवायचं, तेही ओतून द्यायचं, परत भरायचं. त्या महिन्यात मजुरी घेतली नाही. ऑइल आणि सामान खरेदीच्या भावानं दिलं. सात-आठशेत गाडी उभी राहायची. ज्यांनी घाईनं ढकलून चालू केली होती, त्यांचा बोअर, म्हणजे पिस्टन फिरतो ती नळी, गाळानं खरवडला होता, आणि ते काम सहा-सात हजारांवर गेलं. घरात चिखल असलेल्या माणसाला तो आकडा सांगताना जीभ जड व्हायची.

१ एप्रिल २०२० पासून धुराच्या नव्या नियमांच्या बीएस-६ गाड्या आल्या, कार्बोरेटर गेला आणि पेट्रोल सोडायचं काम सेन्सर-कॉम्प्युटरकडं गेलं; त्यातला दोष नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही. आम्ही स्कॅनर घेतला. स्कॅनिंगचे १५० रुपये फळ्यावर वेगळे लिहिले आहेत आणि दोष निघाला नाही तरी ते घेतो, कारण तपासणी हेही कामच आहे. सामानावरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ ला २८ वरून १८ टक्के झाला, तेव्हा त्याच आठवड्यात फळ्यावरचे दर उतरवले. जुना स्टॉक जादा भावाचा होता, ती तूट आम्हीच सोसली.

येत्या पाडव्याला फळा पुन्हा रंगवायचा आहे. मजुरी ३५० ची ४०० करतोय. दोन्ही पोरांचे पगार वाढवलेत, म्हणून; तेही फळ्यावर खाली लिहिणार आहे.